उकंडा मुनेश्वर आणि कौसल्याची मांजर

नेर तालुक्यात ज्याच्या दावणीला एक तरी जनावर होतं, त्याला उकंडा मुनेश्वर माहीत नाही असं होत नव्हतं. सरकारी कागदावर तो पशुवैद्यकीय दवाखान्यातला परिचर. चौतीस वर्षं एकाच जागी. पण खेड्यांतली माणसं त्याला डॉक्टरच म्हणायची. खरे डॉक्टर यायचे, दोन-तीन वर्षं काढायचे आणि बदली करून घ्यायचे. उकंडा तेवढा हलला नाही. अडलेल्या गाईच्या पोटातलं वासरू फिरवून बाहेर काढावं तर त्यानंच. ज्या वर्षी लंपीची साथ आली त्या वर्षी त्यानं रिटायर व्हायची वेळ आलेली असतानाही गावोगाव हिंडून हजारभर जनावरांना लस टोचली होती.

दवाखान्याच्या ओट्याशी जनावर आलं की डॉक्टरांच्या आधी तोच पुढं व्हायचा. कानाच्या मुळाशी हात लावून ताप पाहायचा, पापणी उलटायचा आणि मालकाला पहिला प्रश्न टाकायचा, "किती दिवस झाले चारा सोडून?"

मालक चाचरत म्हणायचा, "तीनक दिवस झाले असन."

की उकंडाचा पारा चढलाच. "असन म्हंजे काय? तुह्या दावणीचं ढोर हाये ना? ते काय तोंडानं सांगाले येईन तुले? धन्यानं ध्यान ठेवा लागते!"

असं चारचौघांत ऐकून घेतलेले शेतकरी आजही नेरच्या बाजारात भेटतात. त्यांना त्याचा राग नाही. माणूस तुसडा, पण मुक्या जिवाची कदर असलेला, असं ते म्हणतात.

त्याच्या नावाचीही एक गोष्ट होती. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला हा झाला तेव्हा आजीनं त्याला फडक्यात गुंडाळून घडीभर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं आणि कुणाचं तरी टाकलेलं पोर उचलावं तसं उचलून घरात आणलं. मरणाची नजर लागू नये म्हणून. पुढं बापानं दीक्षा घेतली, घरात बुद्धाची मूर्ती आली, बाबासाहेबांचा फोटो आला, धाकट्या भावंडांची नावं बदलली. याचं नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर चढून गेलं होतं, ते तसंच राहिलं.

कौसल्याशी लग्न झालं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. ती अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना खिचडी शिजवायची, वाढायची, हात धुवून द्यायची. घरी आली की पुन्हा चूल. उकंडाला भाकर तव्यावरची लागायची; टोपल्यात ठेवलेली चालायची नाही. तो जेवत असताना ती एकेक भाकर थापून त्याच्या ताटात टाकायची आणि त्याचं झाल्यावर मागं उरेल ते घेऊन बसायची. ती केव्हा बसते, काय घेते, हे त्यानं कधी पाहिलं नाही. हात धुऊन तो बाहेर खाटेवर यायचा. दारू नाही, मारझोड नाही, पगार घरात. आणखी काय करायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं. एकच मुलगी, वर्षा. ती कळंबला दिली. जावई शाळेत मास्तर.

मांजर आली ती वर्षाच्या लग्नानंतर. अंगणवाडीतल्या तांदळाच्या पोत्यामागं कौसल्याला एक पिल्लू सापडलं. पाठ राखाडी, पोट पांढरं, आईचा पत्ता नाही. तिनं ते पदरात घालून आणलं. त्याला नाव काही ठेवलं नाही, नुसतं "बाई" म्हणायची. "ये वो बाई, जेवाले ये." उकंडा म्हणायचा, "ढोरांत जिनगानी गेली, आता हे एक घरात." मांजर त्याच्या वाऱ्याला उभी राहायची नाही, तोही तिच्या नाही.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात कौसल्या म्हणाली, "ऐकलं का, पोट भरल्यावानी वाटते. दोन घासांच्या वर जातच नाही."

"गॅस असन. ओवा खा."

तिनं ओवा खाल्ला. पुढं कधी ती ताटावर बसून नुसती भाकर चिवडताना त्याच्या नजरेला पडली तर तो ओरडायचा. "खाचं तं खा, नाई तं झाकून ठेव! अन्नाशी कायले खेळून राह्यली?" तिनं त्यानंतर त्याच्यासमोर ताट घेणंच सोडलं. तो विचारायचा, "जेवली का?" ती म्हणायची, "हो." त्याला एवढं पुरायचं.

त्या वर्षी मांजर मात्र चांगली गुटगुटीत झाली. मान भरली, पोट लोंबायला लागलं. उकंडा शेजारच्या जमनीबाईला चेष्टेनं म्हणालाही, "पाहा, आमच्या घरी सुखी कोण हाये ते." जमनीबाई तांड्यावरची, नवरा गेल्यावर लेकाकडं नेरला राहायला आलेली. ती हसली नाही. काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

एप्रिलमध्ये वर्षा माहेरी आली. दारात आईला मिठी मारली आणि तशीच मागं सरकली. तिच्या हाताला नुसती हाडं लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला गाडीत घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. उकंडा सोबत गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पोटावर हात दाबून पाहिला, पापणी उलटी केली आणि मान न वळवता विचारलं, "किती दिवसांपासून जेवण कमी झालंय?"

उकंडानं तोंड उघडलं. 

"असन..." तो म्हणाला, "दीडक महिना झाला असन."

खाटेवरून कौसल्या हळू आवाजात म्हणाली, "सहा डिसेंबरच्या आधीपासून, साहेब."

वर्षानं बापाकडं पाहिलं.  ती नजर उकंडाला पुढं वर्षभर पुरली.

जठरात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत गेली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिनाभरात, बुद्धपौर्णिमेच्या चार दिवसांनंतर, कौसल्या घरीच गेली. शेवटचे आठ-दहा दिवस वर्षानंच तिला चमच्यानं पाणी पाजलं. उकंडा दारात उभा राहायचा. आत जाऊन काय करायचं ते त्याला कळायचं नाही.

पाहुणे पांगल्यावर वर्षानं आईचं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि निघता निघता एवढंच सांगितलं, "जमनीकाकूनं सांगतलं मले. आई आपलं ताट मांजरीपुढं सरकवे. तुमच्या ध्यानात येऊ नये म्हणून. रिकामं ताट दिसलं की तुम्ही बोलत नव्हते ना."

ती गेली. मांजर चुलीपाशी अंग पसरून झोपली होती. उकंडा तिच्याकडं बघत राहिला. कौसल्याच्या अंगावरून उतरलेलं सगळं तिथं चढलेलं होतं.

पुढचे दहा महिने ती दोघं एका घरात राहिली. उकंडानं स्वतः भाकर थापायला घेतली, ती जमली नाही, मग तो पोळ्या विकत आणायला लागला. मांजरीपुढं रोज अर्धी पोळी दुधात कुस्करून ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. ती खायची. वर्षाचा फोन महिन्यातून एखादा यायचा. "बरे आहात ना?" "हो." "गोळ्या घेता ना?" "हो." बस.

मार्च सरता सरता मांजर शिंकायला लागली. डोळे चिकटले, नाकातून शेंबूड. उकंडाला वाटलं, सर्दी आहे, उतरेल. पहिल्या दिवशी तिनं पोळीला तोंड लावून सोडलं. दुसऱ्या दिवशी वाटीशी आली, वास घ्यायला मान वाकवली आणि तशीच परतली. तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला, आणि मणके एकेक करून बोटांना लागले. तो उठला, भाजीच्या टोपलीत मागं राहिलेलं एक जुनं लुगडं अंथरलं, तिला त्यात ठेवलं आणि ऊन चढायच्या आत दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यात आता उज्ज्वला राठोड नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्याला ओळखून होत्या. त्यांनी मांजरीचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवर फोड होते. ताप पाहिला. मग सवयीनं विचारलं, "मुनेश्वर काका, किती दिवस झाले खात नाही?"

"पुरे चार दिवस, मॅडम. काल सकाळपासून पाणी बी नाही. परवा दोनदा उलटी केली, पिवळी."

 मांजरीचं त्याला तासातासाचं माहीत होतं. ओट्याच्या कडेला हात टेकून तो उभा राहिला. मॅडमना वाटलं, ऊन लागलं.

"बसा काका. आणि ऐका नीट. मांजर गाईसारखी नसते. चार-पाच दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी सगळी यकृतात जाऊन बसते आणि मग कावीळ होते. जितकी जाड मांजर, तितका धोका जास्त. हिला आता रोगापेक्षा उपासच मारेल. सलाइन देते, इंजेक्शन देते, पण पोटात अन्न तुम्हालाच घालावं लागेल. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा."

"बांबूच्या नाळीनं पाजतो."

"नाही!" मॅडम एकदम म्हणाल्या. "नाळ विसरा. ढोराला मुंडी वर करून पाजतात तसं हिला पाजलं तर फुफ्फुसात जाईल. बिनसुईची सिरिंज घ्या, गालाच्या कडेनं घाला, एक एक थेंब. तिनं गिळलं की पुढचा."

त्यांनी काट्यावर मांजर ठेवली. एक किलो नऊशे. कौसल्या असताना ती चार किलोच्या घरात असेल, दहा महिन्यांच्या दूध-पोळीवर उतरत गेली असेल, उकंडानं मनाशी धरलं.

कोंबडीचं मांस शिजवून, बारीक वाटून, पातळ करायचं. कांदा नको, लसूण नको, मीठ नको, आणि दूध तर मुळीच नको. उकंडानं सगळं ऐकलं, पण हात चौतीस वर्षांचे होते. घरी येऊन त्यानं मांजर गुडघ्यांत दाबली, मान आवळली आणि पहिल्याच खेपेला सिरिंज अर्धी रिकामी केली. मांजर ठसकली. मनगटापासून कोपरापर्यंत तिनं त्याला ओरबाडून काढलं आणि सगळं ओकून टाकलं. त्यानं पुन्हा धरलं. दोन दिवस हीच झटापट. तिसऱ्या दिवशी त्यानं वाटी नुसती हातात घेतली तरी ती सरपटत सरपटत कपाटाखाली शिरायला लागली. दवाखान्याच्या काट्यावर वजन पन्नास ग्रॅम आणखी उतरलेलं निघालं.

"काका, तुम्ही तिच्यावर ओरडता का?" मॅडमनी विचारलं.

त्यानं टोपलीतलं लुगडं सारखं केलं.

"अन्न म्हटलं की तिला आता भीतीच आठवते. मग भूक असून खात नाहीत. जबरदस्ती थांबवा. नाक बंद आहे, तिला वास येत नाही, आणि मांजर वासावर जेवते. कोमट पाण्याच्या फडक्यानं नाक पुसत जा. जेवण अंगाइतकं गरम करा. वाटी नको, पसरट बशी घ्या, मिशांना कड लागत नाही. आणि समोर ठेवून तिच्याकडं टक लावून बसू नका. जवळ बसा, पण दुसरीकडं बघा." त्यांनी भूक लागायची गोळी दिली, चौथाई, दिवसाआड.

दवाखान्यातून परतताना उकंडा वाटेत दोनदा थांबला. "ओरडता का" हा शब्द त्याच्या कानातून जाईना.

घरी येऊन त्यानं कपाटापाशी जमिनीवर चादर टाकली आणि आडवा झाला. मांजर आत, तो बाहेर. तिच्याकडं न पाहता तो पडून राहिला. ऊन सरकत उंबऱ्यावरून आत आलं. खूप वेळानं त्यानं फडकं कोमट पाण्यात पिळून हात आत घातला आणि तिचं नाक पुसलं. तिनं पुसू दिलं. कोंबडीची कलेजी त्यानं उकडून ठेवली होती. तिचा गोळा बोटावर घेऊन तिच्या नाकासमोर धरला. ती मागं सरकली. त्यानं बोट मागं घेतलं नाही, पुढंही नेलं नाही.

"खाय वो," तो पुटपुटला. आणि मग, का कोण जाणे, कौसल्याचा शब्द त्याच्या तोंडी आला. "खाय वो बाई. एक घास. बस एकच."

खरबरीत जीभ त्याच्या बोटाला लागली. एकदा. मग पुन्हा.

तेवढंच खाल्लं तिनं त्या दिवशी, चिंचोक्याएवढं. पण उकंडा जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. जमनीबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिनं पाहिलं आणि तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवून ती परत गेली.

त्यानंतर त्याचा दिवस मांजरीच्या पोटावर चालायला लागला. सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, सहा, आणि निजण्याआधी एकदा. एप्रिलमध्ये यवतमाळकडचं ऊन पत्रे तापवतं. त्यानं कूलर तिच्या बाजूला वळवला, स्वतः भिंतीच्या सावलीला बसला. मांजरीला सिरिंज आता क्वचितच लागायची. बोटावरून बशीत, बशीतून थोडं जास्त. कधी दिवसभर छान खायची आणि संध्याकाळी एकदम तोंड फिरवायची. मग तो सुक्या मासळीचा तुकडा दोन पाण्यांतून काढून उकळायचा आणि त्याचं पाणी वरून शिंपडायचा. कधी वाढून झालं की उठून बाहेर जायचा, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की एकटं सोडलं तर ती दोन घास जास्त खाते. दर सोमवारी टोपली घेऊन दवाखान्यात. एक आठशे पन्नास. एक नऊशे. दोन. दोन शंभर. एका सोमवारी जैसे थे, पुढच्या सोमवारी दोन तीनशे. मॅडम म्हणाल्या, "काका, माणसं एवढं करत नाहीत." उकंडानं टोपली उचलली आणि बाहेर पडला.

जमनीबाईनं मात्र तोंडावर सांगितलं. कुंपणापलीकडून ती म्हणाली, "भाऊ, तुमी चांगलंच करून राह्यले. पण मले पाहावत नाई."

"काहून?"

"कौसल्याबाई या भिंतीपाशी बसून मले म्हने, जमनी, कोनी जवळ बसलं तं दोन घास जातील वाटते. मी किती डाव म्हटलं, भाऊले सांग. ते म्हने, नाई वो, ते वरडतात."

उकंडानं कुंपणाचा खांब धरला. "मले काहून नाही सांगतलं तुम्ही?"

"सांगनार होती. तुमी ऐकलं असतं?"

 बरोबर तीन वाजले होते. तो आत गेला आणि कलेजी गरम करायला ठेवली.

मे महिन्यात कौसल्याच्या स्मृतिदिनाला वर्षा आली, आदल्या दिवशी, एकटीच. तिनं न सांगता लवकरची गाडी धरली होती. दार उघडंच होतं. ती आत आली तेव्हा उकंडा पाठमोरा जमिनीवर बसला होता. मांडीवर मांजर. तो तिच्या तोंडाशी बोट नेऊन हलक्या आवाजात बोलत होता, "घे बाई. आज काहून रुसली? गरम हाये म्हणून? थांब, फुकतो. हं, आता घे. शाहाणी माही बाई. अजून एक. माह्यासाठी एक."

वर्षाच्या हातातली पिशवी खाली पडली. उकंडा दचकून वळला. मांजर उडी मारून पळाली.

"तू कधी आली? फोन कराचा ना, मी स्टँडवर आलो असतो."

तिनं बशीकडं पाहिलं, नाक पुसायच्या फडक्याकडं पाहिलं; ते कौसल्याच्या लुगड्याचं होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन ती पाणी प्याली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा झाला होता.

"बाबा, तुम्हाले असं बोलता येते?"

तो उभा राहिला होता. हाताला कलेजी लागलेली.

"मी पस्तीस वर्षांची झाली. या घरात हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. मले वाटे, आमचे बाबा असेच आहेत, त्यांना येतच नाही, काय करता. आई बी तेच म्हणे. त्यांचा स्वभावच तसा हाये म्हणे, मनानं चांगले हायेत म्हणे." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "म्हणजे येत होतं. फक्त आईसाठी नव्हतं."

"असं नाही, वर्षा. आता शिकलो मी. पहिले येत नव्हतं."

"आईवर नाही शिकता आलं तुम्हाले? मांजर लागली?"

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, वस्तीतली माणसं आली, कौसल्याच्या अंगणवाडीत शिकून मोठ्या झालेल्या दोन पोरींनी तिच्याबद्दल चार शब्द सांगितले. वर्षानं सगळ्यांना वाढलं, बापालाही वाढलं. चार माणसांत ती त्याच्याशी नीट बोलत होती. निघताना उकंडा म्हणाला, "आईची मांजर हाये. नेतो म्हणशील तर ने. अडीच किलो झाली आता, खाते व्यवस्थित."

"नको," वर्षा म्हणाली. "तुमच्याजवळच राहू द्या. इथं तिले कोणी तरी विचारते."

ती गेल्यावर महिना गेला, दुसरा गेला. पाऊस लागला, शेतं हिरवी झाली. मांजरीची मान पुन्हा भरली, अंगावर चमक आली, ती भिंतीवरून उड्या मारायला लागली. तीन किलो चारशे भरली त्या सोमवारी मॅडमनी सांगितलं, "आता आणायची गरज नाही." उकंडा रिकामा झाला. आता सहा वेळा काही करायचं नव्हतं. रिकाम्या वेळात एकच गोष्ट डोक्यात फिरायची. शेवटी जुलैमध्ये एका सकाळी त्यानं धुतलेला सदरा घातला, मांजरीचं दुपारचं खाणं जमनीबाईला सांगितलं आणि यवतमाळवरून कळंबची गाडी धरली.

वर्षानं दार उघडलं, चकित झाली, "या" म्हणाली. जावई शाळेत होते. तिनं पाणी दिलं, जेवायला वाढलं, तव्यावरची भाकर एकेक करून त्याच्या ताटात टाकली. दुसरी भाकर पडल्यावर तो म्हणाला, "तू बी घे ना. बस सोबत."

"मी खाईन मागून."

"नाही, आता बस."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "बाबा, जेवा तुम्ही."

तो जेवला. जेवण झाल्यावर ती अंबाडीची भाजी निवडायला घेऊन बसली. उकंडा समोर खुर्चीत बसला. येताना गाडीत त्यानं शब्द जुळवले होते, ते एकही आता सापडेना.

"वर्षा, मी एक सांगाले आलो. तुह्या आईच्या बाबतीत माह्याकडून चुकलं. ते उपाशी होती आणि मी पाह्यलं नाही. ढोरांचं पाह्यलं, लोकांच्या ढोरांचं, आणि घरातल्या माणसाचं नाही. मी वरडलो तिच्यावर. हे मले तुले सांगाचं होतं."

वर्षाचे हात थांबले. अंबाडीची काडी बोटांत तशीच राहिली. उकंडाला वाटलं, आता रडेल, किंवा ओरडेल. दोन्हींची त्यानं तयारी करून ठेवली होती. मग तिनं त्या काडीची पानं खुडली आणि दुसरी काडी उचलली.

"हे तिले सांगाचं होतं, बाबा," ती म्हणाली. "मले सांगून तुमचं हलकं होईन. माहं नाही होत."

भिंतीवरचं घड्याळ पाहून ती पुढं म्हणाली, "साडेतीनची गाडी हाये यवतमाळची. ते हुकली तर मग पाचशिवाय नाही."

तो उठला. दारात तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. ती रीत तिनं कधी चुकवली नव्हती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, तोवर ती उभी राहून बाजूला झाली होती.

गाडी वेळेवर मिळाली. यवतमाळला नेरची गाडी उशिरा आली, घरी पोचायला दिवेलागण झाली. जमनीबाई ओट्यावर भाजी चिरत होती.

"खाल्लं का तिनं?" उकंडानं विचारलं.

"हो बाप्पा. मी बशी ठेवली, आली, चाटूनपुसून खाऊन गेली. मले वाटलं तुमच्यावाचून तोंड लावते का नाई. काही अडलं नाही तिचं."

"बरं झालं," तो म्हणाला.

मांजर भिंतीवर बसली होती. त्याला पाहून तिनं एकदा डोळे मिटून उघडले आणि पलीकडं, कोणाच्या तरी परसात, उडी टाकली. उकंडानं कुलूप काढलं, दिवा लावला. सकाळच्या दोन पोळ्या फडक्यात होत्या. त्या त्यानं ताटात घेतल्या, सोबत मिरचीचा ठेचा घेतला आणि भिंतीला टेकून थंडच खायला सुरुवात केली.